न लढलेला किल्ला

रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहराचे छायाचित्र आपण कधी पाहिले असेल, तर नेवा नदीपलीकडे आकाशात घुसलेला एक सोनेरी सुळका त्यात बहुधा दिसला असेल. हा सुळका पीटर-पॉल कॅथीड्रलचा. कॅथीड्रल म्हणजे नगराचे प्रमुख चर्च. ते उभे आहे एका किल्ल्याच्या आत, आणि किल्ला आहे नदीतल्या एका छोट्या बेटावर. बेटाचे रशियन नाव ‘झायाची’, म्हणजे सशांचे बेट. लांबी सुमारे ७५० मीटर, रुंदी सुमारे ४०० मीटर. जंजिरा किंवा सिंधुदुर्ग पाहिलेल्या वाचकांना पाण्याने वेढलेला किल्ला नवा नाही. फरक इतकाच, की येथे आधी किल्ला झाला आणि मग त्याच्याभोवती राजधानीचे शहर वाढले.

या किल्ल्याची एक गंमत आहे. तो शत्रूसाठी बांधला, पण त्याच्या तटाला शत्रूचे सैन्य कधी भिडलेच नाही. त्याची परीक्षा घेतली ती पाण्याने, विजेने, वाऱ्याने, आणि सर्वांत शेवटी प्रयोगशाळेने. विज्ञानाच्या मासिकात एका परदेशी किल्ल्याची गोष्ट सांगण्याचे आमचे कारण तेच आहे.

सन १७०० मध्ये रशियाचा झार पीटर पहिला आणि स्वीडन यांच्यात युद्ध पेटले. पीटरला बाल्टिक समुद्रावर बंदर हवे होते आणि तो किनारा स्वीडनच्या ताब्यात होता. पहिल्याच मोठ्या लढाईत, नार्वा येथे, रशियन सैन्याचा धुव्वा उडाला. पण पीटर चिकाटीचा. १७०२ मध्ये त्याने नेवेच्या उगमाजवळचा स्वीडिश किल्ला घेतला आणि १७०३ च्या मे महिन्यात मुखाजवळचा. जिंकलेले मुख राखायचे तर तेथे स्वतःचा किल्ला हवा. २७ मे १७०३ रोजी सशांच्या बेटावर कामाला सुरुवात झाली, आणि शहराचा वाढदिवस म्हणून आजही हाच दिवस पाळतात. (रशियात १९१८ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती. तिच्याप्रमाणे तो दिवस १६ मे. या लेखातील तारखा आपल्या आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे आहेत.) त्याच सुमारास इकडे औरंगजेब सह्याद्रीतले किल्ले एकामागून एक घेण्याच्या खटाटोपात होता, हे इतिहासाच्या शिक्षकांना आठवेल.

पहिला किल्ला मातीचा होता. सैनिक, स्वीडिश युद्धकैदी आणि सक्तीने आणलेले शेतकरी यांनी तो काही महिन्यांत उभा केला. सहा कोपऱ्यांवर सहा बुरूज. एकाचे काम पाहण्याची जबाबदारी खुद्द झारने घेतली आणि बाकीचे पाच त्याच्या पाच विश्वासू माणसांकडे सोपवले. मेन्शिकोव, त्रुबेत्स्कोय, नारीश्किन अशी त्यांची नावे बुरुजांना आजही चिकटलेली आहेत. ज्यांनी माती वाहिली त्यांची नावे मात्र कुठे नाहीत. १७०६ पासून डोमेनिको त्रेझीनी या स्वित्झर्लंडहून आलेल्या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखाली मातीच्या जागी विटांचे तट चढू लागले आणि ते काम १७४० पर्यंत चालले. दरम्यान १७०९ मध्ये पोल्टावा येथे स्वीडनचा निर्णायक पराभव झाला आणि १७२१ मध्ये तहही झाला. म्हणजे तट पुरे होण्याआधीच त्यांचे कारण संपले होते!

पाण्याचे तसे नव्हते. पहिल्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर नदी चढली आणि बांधकामाचे लाकूड वाहून गेले. हा पूर आपल्याकडच्या पुरासारखा नाही, हे वर्गात आवर्जून सांगण्याजोगे आहे. आपल्या नद्यांना पूर येतो तो वरून, पाणलोटात पडलेल्या पावसाने. नेवा नदी लाडोगा या प्रचंड सरोवरातून निघते आणि जेमतेम ७४ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. सरोवर मोठ्या टाकीसारखे काम करत असल्याने तिचा प्रवाह वर्षभर बराचसा सारखा असतो. पूर येतो तो खालून! बाल्टिक समुद्रावरून वादळ सरकले की पाण्याची एक लांबलचक लाट पूर्वेकडे निघते. फिनलंडचे आखात नेवेच्या मुखाकडे नरसाळ्यासारखे अरुंद आणि उथळ होत जाते, त्यामुळे लाटेची उंची वाढत जाते. पश्चिमेचा वारा तिला आणखी रेटतो आणि नदीचे पाणी पुढे जायला वाट न मिळून तुंबते. १९ नोव्हेंबर १८२४ रोजी पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा ४२१ सेंटिमीटर चढले. तो आजवरचा उच्चांक. किल्ल्याच्या नेवा दरवाजाच्या कमानीखाली वेगवेगळ्या वर्षांच्या पुरांच्या खुणा लावलेल्या आहेत. १८२४ ची खूण पाहताना मान वर करावी लागते. हा प्रश्न सुटायला २०११ साल उजाडले. त्या वर्षी आखात ओलांडणारा सुमारे २५ किलोमीटर लांबीचा बांध पुरा झाला आणि वादळाच्या वेळी त्याचे दरवाजे बंद करता येऊ लागले.

आता कॅथीड्रलकडे वळू. किल्ल्यात आधी लाकडी चर्च होते. १७१२ मध्ये त्रेझीनीने दगडी कॅथीड्रलचा पाया घातला. पीटरने हुकूम सोडला, की आधी घंटेचा मनोरा पुरा करा, बाकीचे मागून. नव्या राजधानीची खूण लांबून दिसावी ही त्याची इच्छा. मनोऱ्यावर लाकडी सांगाड्याचा, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्याने मढवलेला सुळका चढला आणि टोकावर वाऱ्याबरोबर फिरणारा देवदूत बसला. चर्च पुरे व्हायला १७३३ उजाडले. त्याआधीच, ८ फेब्रुवारी १७२५ रोजी पीटर वारला. त्याची शवपेटी अर्धवट भिंतींच्या आत उभारलेल्या तात्पुरत्या लाकडी चर्चमध्ये सहा वर्षे ठेवावी लागली आणि दफन १७३१ मध्ये झाले. तेव्हापासून दोन अपवाद वगळता रशियाचे सगळे सम्राट येथेच पुरले गेले. पीटरचा मुलगा अलेक्सेई हाही येथेच आहे. बापाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून त्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली होती आणि १७१८ मध्ये याच किल्ल्याच्या कोठडीत त्याचा मृत्यू झाला. राजघराण्याची स्मशानभूमी आणि राजघराण्याचा तुरुंग एकाच तटाच्या आत, ही परंपरा अशी पहिल्या सम्राटापासूनच सुरू झाली.

सपाट, दलदलीच्या प्रदेशात शंभराहून अधिक मीटर उंचीची, धातूने मढवलेली लाकडी वस्तू उभी केली, तर विजेला याहून चांगले आमंत्रण कोणते? मे १७५६ मध्ये एका रात्री वीज पडली, सुळका पेटला आणि मनोऱ्याच्या घंटांसह कोसळला. सैनिकांनी चर्चमधील कोरीव लाकडी वेदीपट सुटा करून बाहेर काढला म्हणून तो तरी वाचला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अवघ्या तीन वर्षांपूर्वी, ऑगस्ट १७५३ मध्ये, याच शहरात गेओर्ग रिखमान हा शास्त्रज्ञ आपल्या घरी वादळी ढगांतील वीज मोजत असताना तिच्याच धक्क्याने मरण पावला होता. त्याचा सहकारी लोमोनोसोव याने त्याच वर्षी वातावरणातील विजेवर व्याख्यानही दिले होते. ज्ञान नदीच्या एका काठावर होते आणि धोका दुसऱ्या. दोघांची गाठ पडायला वेळ लागला.

जळलेला सुळका पुन्हा लाकडाचाच बांधला गेला. त्याने शंभर वर्षांच्या आतच कुरकुर सुरू केली. १८२९ मध्ये वादळाने टोकावरचा देवदूत वाकला आणि पत्रे उचकटले. दुरुस्तीसाठी तळापासून पराती उभारायची तर खर्च अफाट. तेव्हा यारोस्लाव प्रांतातला प्योत्र तेलुश्किन नावाचा एक छपरे घालणारा कारागीर पुढे आला आणि म्हणाला, परातीशिवाय करतो. १८३० च्या शरदात त्याने ते करून दाखवले. पत्र्यांच्या उभ्या शिवणींना बोटांनी धरून आणि मधल्या लोखंडी आकड्यांना दोराचे फास अडकवून तो इंचाइंचाने वर चढला. सर्वांत अवघड होता टोकाखालचा मोठा गोळा. तो बाहेर आलेला असल्याने खालून ओलांडता येईना. तेलुश्किनने पाय आणि कंबर दोराने सुळक्याला बांधली आणि अंग मागे सोडून देऊन, जवळजवळ आडवे लोंबकळत, दुसरा दोर वर क्रुसाच्या बुडाभोवती फेकला. कला अकादमीचे अध्यक्ष ओलेनिन यांनी या कामाचे तपशीलवार वर्णन लगेच पुढच्या वर्षी छापले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले. आमच्या मते यांत्रिकीच्या पुस्तकात घर्षण आणि ताण यांचे उदाहरण म्हणून तेलुश्किनला जागा मिळायला हवी.

१८५७-५८ मध्ये मात्र लाकूड काढून टाकून सुमारे ४७ मीटर उंचीचा लोखंडी सांगाडा बसवण्यात आला. कॅथीड्रलची उंची १२२.५ मीटर झाली. लोखंडी काम उरल भागातील वोत्किन्स्कच्या कारखान्यात झाले. अभियंता होता दमित्री झुराव्स्की. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे नाव माहीत असो वा नसो, त्याचे सूत्र त्यांनी पाठ केलेले असतेच. तुळईतील कर्तन प्रतिबलाचे सूत्र त्याचेच.

ते त्याला सापडले त्याचे कारण मोठे व्यावहारिक होते. पीटर्सबर्ग ते मॉस्को या पहिल्या मोठ्या लोहमार्गावर (१८४२ ते १८५१) तो लाकडी पूल बांधत होता. त्या काळचे शास्त्र सांगे, की तुळई वाकली की वरचे धागे दाबले जातात व खालचे ताणले जातात, तेवढे तपासा. पण झुराव्स्कीच्या जाड तुळया मोडत होत्या त्या निराळ्याच रीतीने. मधोमध, लांबीच्या दिशेने, त्या उभ्या चिरत. याचे कारण वर्गात पाच मिनिटांत दाखवता येते. सुट्या कागदांचा जाड गठ्ठा घ्या, त्याच्या कडेवर पेन्सिलीने एक सरळ उभी रेघ ओढा आणि गठ्ठा वाकवा. रेघ तिरपी होते, कारण कागद एकमेकांवरून सरकतात. आता हेच कागद डिंकाने चिकटवा. सरकणे थांबते आणि गठ्ठा कितीतरी ताठ होतो (दहा थर असतील तर शंभर पट!). पण सरकू न देण्याचे ओझे आता डिंकावर आले. लाकडात धाग्यांना धरून ठेवणारा जो नैसर्गिक डिंक आहे तो दुबळा, आणि ओझे सर्वांत जास्त तुळईच्या मध्यरेषेवर. म्हणून ती तेथे चिरते. या कामासाठी विज्ञान अकादमीने १८५५ मध्ये त्याला देमिदोव पारितोषिक दिले.

झुराव्स्कीची आणखी एक युक्ती आम्हांला फार आवडते. पुलाच्या कैचीतील कोणत्या दांड्यावर किती ताण येतो हे त्याने गणिताने काढले, पण वरिष्ठांना पटवायचे कसे? त्याने पुलाची लहान प्रतिकृती केली आणि उभ्या दांड्यांच्या जागी सारख्या जाडीच्या तारा लावल्या. प्रतिकृतीवर वजन ठेवून त्याने तारांवरून व्हायोलिनची कमान फिरवली. आधारांजवळच्या तारा उंच स्वरात वाजल्या, मधल्या खालच्या स्वरात. ताण जास्त तर स्वर उंच, हे तंबोरा लावणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. हिशेब कानांनी ऐकता आला!

लोखंडी सुळका तेव्हापासून उभा आहे. पीटर्सबर्गचा हिवाळा उणे ३० अंश आणि उन्हाळा ३० अंश सेल्सिअस धरला, तर त्या ४७ मीटरच्या लांबीत साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास फरक पडतो. विद्यार्थ्यांना हे गणित घालून पाहावे (लोखंडाचा प्रसरणांक दर अंशाला ०.०००0१२). १९४१ मध्ये जर्मन सैन्याने शहराला वेढा घातला तेव्हा हे सोनेरी टोक शत्रूच्या तोफखान्याला नेम धरण्यासाठी उपयोगी पडेल अशी भीती होती. मग गिर्यारोहक वर चढले आणि त्यांनी सुळका करड्या रंगाने माखला. तेलुश्किनला निदान पोटभर जेवण मिळत होते. या मंडळींना तेही नव्हते.

किल्ल्याच्या तोफा लढाईत डागल्या गेल्या त्या १९१७ मध्ये, आणि त्याही नदीपलीकडच्या हिवाळी राजवाड्यावर, क्रांतिकारकांकडून. बाकी किल्ल्याची नेहमीची तोफ म्हणजे दुपारी बाराची. शहराला बरोबर वेळ कळावी म्हणून पुल्कोवो वेधशाळेकडून तारेने इशारा घेऊन १८६५ पासून एक तोफ उडवली जाई. १८७३ मध्ये ती या किल्ल्यावर आली. १९३४ मध्ये प्रथा थांबली व १९५७ मध्ये पुन्हा सुरू झाली.

कैद्यांची यादी मोठी आहे. १८२५ च्या उठावाचे अधिकारी, १८४९ मध्ये दस्तयेवस्की, असे कितीतरी. विज्ञानाच्या वाचकांनी ओळख करून घ्यावी असा कैदी म्हणजे प्योत्र क्रपोत्किन. अराजकवादी म्हणून तो प्रसिद्ध आहे, पण तो भूगोलतज्ज्ञही होता. १८७१ मध्ये भौगोलिक संस्थेच्या वतीने त्याने फिनलंड व स्वीडनमध्ये हिंडून पाहणी केली होती. उत्तर युरोपच्या मैदानांत दूरवरच्या खडकांचे धोंडे विखुरलेले सापडतात. ते समुद्रावर तरंगणाऱ्या हिमखंडांनी आणून टाकले, असे तेव्हा अनेक जण मानत. क्रपोत्किनचे म्हणणे असे, की तेथे समुद्र नव्हता, जमिनीवरच बर्फाचा प्रचंड जाड थर पसरलेला होता आणि त्यानेच धोंडे वाहून आणले. १८७४ मध्ये त्याने हे संस्थेपुढे मांडले आणि लगोलग त्याला अटक झाली. संस्थेने खटपट केली तेव्हा कोठडीत कागद व लेखणी वापरण्याची परवानगी मिळाली, पण फक्त सूर्यास्तापर्यंत. हिवाळ्यात पीटर्सबर्गला सूर्य दुपारीच मावळतो! तशा उजेडात त्याने हिमयुगावरील ग्रंथ लिहिला. तो १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, दुसरीकडे हलवल्यावर, क्रपोत्किन कैदेतून निसटला. हिमथराची कल्पना पुढे सर्वमान्य झाली.

सर्वांत अलीकडची परीक्षा मात्र कॅथीड्रलच्या फरशीखालची. १७ जुलै १९१८ च्या रात्री येकातेरिनबुर्ग येथे शेवटचा झार निकोलस दुसरा, त्याची पत्नी अलेक्सांद्रा, पाच मुले, डॉक्टर आणि तीन नोकर अशा अकरा जणांना ठार मारण्यात आले. १९९१ मध्ये त्या शहराबाहेरील एका खड्ड्यातून नऊ सांगाडे अधिकृतपणे बाहेर काढले गेले. ते त्यांचेच कशावरून? पेशीतील तंतुकणिकांना (मायटोकाँड्रियांना) स्वतःचा छोटा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून मिळतो. अलेक्सांद्राच्या बहिणीच्या मुलीचा मुलगा म्हणजे ब्रिटनचे प्रिन्स फिलिप. त्यांच्या रक्तातील हा डीएनए एका स्त्रीच्या आणि तीन मुलींच्या हाडांशी तंतोतंत जुळला. झारच्या बाबतीत मात्र घोटाळा झाला. आईच्या वंशातील दोन नातेवाइकांशी त्याचा डीएनए जुळत होता, पण १६१६९ या एका स्थानी नातेवाइकांत टी हे अक्षर, तर हाडात सी आणि टी दोन्ही. पीटर गिल आणि पावेल इवानोव यांनी हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा शंका घेणाऱ्यांनी हेच स्थान धरून ठेवले. नमुना दूषित झाला असेल, माणूसच दुसरा असेल.

येथे कॅथीड्रल कामी आले. निकोलसचा धाकटा सख्खा भाऊ गिओर्गी १८९९ मध्ये क्षयाने वारला होता आणि त्याची कबर याच फरशीखाली होती. त्याचा आपल्याशी थोडा संबंध आहे. १८९०-९१ मध्ये दोघे भाऊ जहाजाने पूर्वेच्या सफरीवर निघाले असताना गिओर्गी मुंबईपर्यंत येऊन आजारी पडला आणि त्याला येथूनच परत पाठवावे लागले. १९९४ च्या जुलैमध्ये त्याची कबर उघडली गेली. त्याच्या हाडातही त्याच स्थानी सी आणि टी ही दोन्ही अक्षरे सापडली, फक्त प्रमाण वेगळे. म्हणजे मिसळ आईकडूनच आली होती. एकाच व्यक्तीत दोन प्रकारच्या तंतुकणिका असण्याच्या या अवस्थेला हेटरोप्लाझमी म्हणतात. पिढ्या बदलताना अंड्यामार्फत थोड्याच तंतुकणिका पुढे जातात, म्हणून मिसळीचे प्रमाण भावंडांत बदलते आणि काही पिढ्यांत एकच प्रकार उरतो. ज्या विसंगतीने शंका उत्पन्न केली तीच सर्वांत बळकट पुरावा ठरली.

१७ जुलै १९९८ रोजी, बरोबर ८० वर्षांनी, नऊ जणांचे अवशेष कॅथीड्रलला जोडलेल्या सेंट कॅथरीनच्या छोट्या प्रार्थनागृहात पुरले गेले. अध्यक्ष येल्त्सिन हजर होते. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चला मात्र ओळख पटलेली नव्हती, म्हणून प्रार्थनेत मृतांची नावे घेतली गेली नाहीत. कोणाचे हे न सांगता केलेले असे दफन क्वचितच झाले असेल.

अकरापैकी उरलेल्या दोघांचे, अलेक्सेई व त्याच्या एका बहिणीचे, अवशेष २००७ मध्ये जवळच सापडले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत आणखी एक साक्षीदार पुढे आला. मुंबईहून पुढे गेलेल्या निकोलसवर १८९१ मध्ये जपानमधील ओत्सू येथे एका पोलिसाने तलवारीने वार केला होता. तेव्हाचा रक्ताने माखलेला सदरा किल्ल्यासमोर, नदीपलीकडे, हर्मिटाज संग्रहालयात जपून ठेवलेला होता. त्या डागांतील डीएनए हाडांशी जुळला. त्यानंतरही २०१५ मध्ये तपास पुन्हा उघडण्यात आला. निकोलसचे अवशेष बाहेर काढले गेले आणि कॅथीड्रलमधील त्याच्या वडिलांची, अलेक्झांडर तिसऱ्याची, कबरही उघडली गेली. यावेळी आईकडचा नव्हे, वडिलांकडचा दुवा तपासायचा होता. २०१८ मध्ये निकाल जाहीर झाला. येकातेरिनबुर्गच्या खड्ड्यातील चौथ्या क्रमांकाचा सांगाडा फरशीखालच्या त्या सम्राटाच्या मुलाचाच होता.